अटारी प्रोग्राम एक्स्चेंज : हौशी प्रोग्रामरांचे अल्पायुषी प्रकाशनगृह

फेब्रुवारी १९८१ मध्ये अमेरिकेतील अटारी या कंपनीने एक लहानसा विभाग सुरू केला. त्याचे नाव ‘अटारी प्रोग्राम एक्स्चेंज’. संगणकप्रेमींच्या तोंडी ते लवकरच ‘एपीएक्स’ झाले. कल्पना साधी होती. ज्याच्या घरी अटारीचा संगणक आहे, त्याने स्वतः लिहिलेला खेळ किंवा एखादा उपयुक्त प्रोग्राम कंपनीकडे पाठवावा. तो पसंतीस उतरला तर कंपनीने त्याच्या कॅसेट आणि डिस्क तयार कराव्यात, आपल्या सूचिपत्रात त्याची माहिती द्यावी, टपालाने तो विकावा आणि विक्रीच्या प्रमाणात लेखकाला रॉयल्टी द्यावी. पुस्तकांच्या प्रकाशन व्यवसायात हे सारे पूर्वीपासून चालत आलेले आहे. संगणकाच्या खेळांच्या व्यवसायात मात्र, आणि विशेषतः अटारीसारख्या कंपनीत, ही गोष्ट नवी होती. १९८४ मध्ये हा विभाग बंद करण्यात आला. जेमतेम तीन वर्षांच्या या अवधीत त्याच्या सूचिपत्रांतून ज्यांची नावे प्रथम छापून आली, त्यांच्यापैकी काहींनी पुढे संगणकाच्या इतिहासात आपली जागा निर्माण केली.

या विभागाचे वेगळेपण लक्षात येण्यासाठी त्या वेळच्या अटारीचा स्वभाव समजून घेणे आवश्यक आहे.

पेटीवर नाव नाही

नोलान बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी १९७२ मध्ये अटारीची स्थापना केली. चार वर्षांनी, १९७६ मध्ये, वॉर्नर कम्युनिकेशन्स या मनोरंजन क्षेत्रातील बलाढ्य कंपनीने २ कोटी ८० लाख डॉलर मोजून ती विकत घेतली. बुशनेल बाहेर पडल्यावर कारभाराची सूत्रे रे कॅसर यांच्याकडे आली. कॅसर हे मूळचे वस्त्रोद्योगातले. बर्लिंग्टन इंडस्ट्रीज या कापड कंपनीत त्यांची बरीच वर्षे गेली होती. विक्री, वितरण आणि जाहिरात यांत त्यांचा हातखंडा होता. अटारीच्या ‘व्हीसीएस’ या दूरचित्रवाणीला जोडायच्या खेळयंत्राचा खप त्यांच्या कारकीर्दीत प्रचंड वाढला, हे त्यांच्या टीकाकारांनाही मान्य करावे लागते.

पण खेळ तयार करणारा प्रोग्रामर हा त्यांच्या लेखी अनेक कामगारांपैकी एक होता. कार्ट्रिजच्या पेटीवर त्याचे नाव नसे, माहितीपुस्तिकेत नसे आणि खेळाच्या पडद्यावरही नसे. खप लाखांत गेला तरी त्याच्या पदरी ठरलेला पगारच पडे. १९७९ मध्ये डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लान, ॲलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड हे चौघे हीच तक्रार घेऊन कॅसर यांना भेटले. कार्ट्रिजच्या एकूण विक्रीपैकी निम्म्याहून अधिक विक्री आपल्या चौघांच्या खेळांची आहे, असा त्यांचा दावा होता. खेळ जुळवणाऱ्या कारखान्यातील कामगाराइतकेच तुमचे महत्त्व, अशा आशयाचे उत्तर आपल्याला मिळाले, असे क्रेन यांनी पुढे अनेक मुलाखतींत सांगितले आहे. चौघांनीही नोकरी सोडली आणि त्याच वर्षी ‘ॲक्टिव्हिजन’ ही कंपनी उभी राहिली. तिच्या खेळांवर निर्मात्याचे नाव ठळकपणे छापलेले असे.

वॉरन रॉबिनेट या आणखी एका प्रोग्रामरने निराळा मार्ग धरला. त्याने ‘ॲडव्हेंचर’ या खेळात कोणालाही न सांगता एक गुप्त दालन तयार केले आणि त्या दालनात स्वतःचे नाव लिहून ठेवले. १९८० मध्ये बाजारात आलेल्या या खेळातील ते दालन सॉल्ट लेक सिटीतील एका मुलाने शोधून काढले आणि कंपनीला पत्र लिहून कळविले, तेव्हा कोठे वरिष्ठांना त्याचा पत्ता लागला. तोवर रॉबिनेट नोकरी सोडून गेलेला होता.

अशा कंपनीने, दोनच वर्षांत, अनोळखी माणसांचे प्रोग्राम त्यांच्या नावानिशी विकण्यास सुरुवात करावी, ही बाब सहजासहजी घडलेली नाही. ती गरजेपोटी घडली.

संगणक चांगला, पण प्रोग्राम कुठे आहेत?

अटारीचे ‘४००’ आणि ‘८००’ हे दोन गृहसंगणक १९७९ च्या अखेरीस ग्राहकांच्या हाती पडू लागले. रंगीत चित्रे आणि आवाज यांच्या बाबतीत त्या काळातील अन्य घरगुती संगणक त्यांच्या जवळपासही नव्हते. चित्रांची बरीचशी जबाबदारी ‘ॲन्टिक’ नावाच्या स्वतंत्र चिपकडे, तर ध्वनीची ‘पोकी’ नावाच्या चिपकडे होती. त्यामुळे मुख्य प्रोसेसरवरील भार हलका होई. मात्र या चिप नेमक्या कशा चालतात, हे कंपनीने पहिल्या वर्षी बाहेरच्या कोणालाही नीट सांगितले नाही. खेळयंत्राच्या धंद्यात यंत्रही आपलेच आणि कार्ट्रिजही आपलेच, हे गणित फायद्याचे ठरले होते. संगणकाच्या बाबतीतही तेच चालेल, असा वरिष्ठांचा होरा होता.

तो चुकला. संगणक विकत घेणारा ग्राहक दुकानात आल्यावर प्रथम विचारतो, की यावर चालते काय काय? ॲपल आणि टँडी यांच्या संगणकांसाठी बाहेरच्या शेकडो लोकांनी प्रोग्राम लिहिले होते. अटारीपाशी मोजकेच होते. शिवाय जे हौशी लोक अटारीचा संगणक घेऊन रात्र-रात्र त्याच्यासमोर बसत, त्यांनी लिहिलेले प्रोग्राम त्यांच्या घरातच पडून राहत. ते विकायचे तर कॅसेटच्या प्रती काढा, पिशव्यांत भरा, मासिकांत जाहिरात द्या, हा सारा खटाटोप एकट्याने करावा लागे.

डेल योकम या अटारीतील कर्मचाऱ्याने या दोन्ही अडचणींची सांगड घातली. थोड्या भांडवलावर असा विभाग स्वतःच्या पायांवर उभा राहू शकेल, असा आराखडा त्यांनी वरिष्ठांपुढे मांडला. त्या वेळी अटारीत काम करणारे ख्रिस क्रॉफर्ड यांच्या आठवणीनुसार, वरिष्ठांनी काहीशा नाइलाजानेच त्याला होकार दिला. विभाग अल्पावधीत नफ्यात आला. त्यानंतर १९८२ मध्ये त्याची सूत्रे फ्रेड थॉरलिन यांच्याकडे देण्यात आली आणि शेवटपर्यंत ती त्यांच्याकडेच राहिली. ज्याने कल्पना मांडली आणि यशस्वी करून दाखविली त्याच्यावर दुसरा अधिकारी आणून बसवायचा, हा प्रकार मोठ्या कंपन्यांत नवलाचा नाही. तरीही क्रॉफर्ड यांनी त्याची नोंद काहीशा कडवटपणे केली आहे.

सूचिपत्र

एपीएक्सचे सूचिपत्र दर तीन महिन्यांनी निघे आणि अटारी संगणकाची नोंदणी केलेल्या मालकांच्या घरी टपालाने पोहोचे. प्रत्येक प्रोग्रामची ओळख, तो चालविण्यासाठी लागणारी स्मृती, कॅसेट की डिस्क याचा तपशील आणि लेखकाचे नाव असा मजकूर त्यात असे. बांधणी अगदी साधी होती. अटारीच्या मुख्य खेळांच्या पेट्यांवर चित्रकारांनी काढलेली भडक, देखणी चित्रे असत. एपीएक्सच्या प्रोग्रामांना तसले वैभव लाभले नाही. पुस्तिकेत बहुतांश प्रोग्राम ग्राहकांनीच लिहिलेले असल्याचे सांगून कंपनी त्यांची हमी देत नसल्याचा खुलासा छापलेला असे. शेवटच्या पानावर एक अभिप्रायपत्र असे. प्रोग्राममध्ये काय आवडले, कोणत्या चुका आढळल्या, पुस्तिका समजली का, हे ग्राहकाने लिहून पाठवावे, अशी अपेक्षा होती. नाव आपले पण जबाबदारी आपली नाही, असा हा पवित्रा कोणाला धूर्तपणाचा वाटेल. पण एखाद्या शाळकरी मुलाचा प्रोग्राम बाजारात आणण्याचा धोका कंपनीने याच पवित्र्यामुळे पत्करला, हेही खरे.

सूचिपत्रात काय नव्हते? घरखर्चाचा हिशेब ठेवणारे प्रोग्राम होते, मुलांना गणित आणि स्पेलिंग शिकविणारे होते, प्रोग्रामरांना उपयोगी पडणारी साधने होती. समान मूल्याच्या रेषा दाखविणारे नकाशे तयार करणारा प्रोग्राम होता, तसाच द्रवगतिकीची आकडेमोड करणारा अभियंत्यांसाठीचाही होता. कोणा व्यावसायिकाने आपल्या कामासाठी जे लिहिले, ते दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडेल म्हणून पाठवून दिले, असे यातील कित्येकांचे स्वरूप दिसते. त्यांचा खप किती झाला असेल, हा प्रश्न वेगळा. दुकानाच्या फळीवर अशा प्रोग्रामला जागा मिळालीच नसती. सूचिपत्रातील चार ओळींची जागा मात्र कंपनीला परवडत होती.

दर तिमाहीला विभागवार सर्वोत्तम प्रोग्रामांना बक्षिसे दिली जात. वर्षातून एकदा त्यांतून एकाची निवड होऊन त्याला ‘अटारी स्टार’ हा पुरस्कार मिळे. त्याची रक्कम होती २५ हजार डॉलर. १९८०च्या दशकाच्या आरंभी एखाद्या हौशी माणसासाठी ही रक्कम आयुष्याची दिशा बदलणारी होती, आणि पहिल्याच मानकऱ्याच्या बाबतीत नेमके तसेच झाले.

एका पित्याचा प्रोग्राम

फर्नांडो हेरेरा यांच्या मुलाला जन्मतःच मोतीबिंदूचा विकार होता. मुलाला नेमके किती दिसते, हे जाणून घेण्यासाठी हेरेरा यांनी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर लहान-मोठ्या आकारांची अक्षरे दाखविणारा एक प्रोग्राम लिहिला. मूल अक्षरांकडे पाहू लागले, त्यात रमू लागले. त्यातूनच अक्षर आणि चित्र यांची सांगड घालून मुळाक्षरे शिकविणारा ‘माय फर्स्ट अल्फाबेट’ आकाराला आला. एपीएक्सने तो प्रकाशित केला आणि त्याला पहिला ‘अटारी स्टार’ मिळाला.

हेरेरा यांनी १९८२ मध्ये भागीदारांसह न्यूयॉर्कमध्ये ‘फर्स्ट स्टार सॉफ्टवेअर’ ही कंपनी काढली. नावातील ‘पहिला तारा’ कोणता, हे सांगायला नको. हेरेरा यांचा ‘ॲस्ट्रो चेस’ हा खेळ तिने बाजारात आणला. पुढे १९८४ मध्ये टोरांटोचे पीटर लिपा आणि ख्रिस ग्रे यांनी तयार केलेला ‘बोल्डर डॅश’ याच कंपनीने प्रकाशित केला. माती उकरत हिरे गोळा करायचे आणि वरून कोसळणाऱ्या दगडांपासून जीव वाचवायचा, असा तो खेळ. त्याच्या नव्या-नव्या आवृत्त्या त्यानंतर कित्येक वर्षे निघत राहिल्या.

दोन खेळ, दोन माणसे

एपीएक्सचे नाव सर्वदूर पोहोचविले ते मुख्यतः दोन खेळांनी. दोन्ही १९८१ मधले. एकाचा लेखक कंपनीतीलच होता, तर दुसऱ्याचा शाळकरी.

पहिला ‘ईस्टर्न फ्रंट (१९४१)’. त्याचे लेखक वर उल्लेख आलेले ख्रिस क्रॉफर्ड. अटारीत नोकरी करीत असतानाच, कामाबाहेरच्या वेळेत त्यांनी हा खेळ लिहिला. जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर केलेली चढाई हा त्याचा विषय. खेळाडूकडे जर्मन सैन्याची सूत्रे असतात आणि रशियन बाजू संगणक सांभाळतो. एक चाल म्हणजे एक आठवडा. अशा ४१ चालींत युद्ध उन्हाळ्यातून चिखलात, चिखलातून बर्फात आणि पुढील वसंत ऋतूच्या तोंडाशी येऊन थांबते. पुठ्ठ्याच्या पटावर सोंगट्या मांडून असे युद्धखेळ खेळण्याची हौस अमेरिकेत जुनी होती. संगणकावर मात्र तोवरचे युद्धखेळ संथ, रूक्ष आणि आकड्यांनी भरलेले असत.

क्रॉफर्ड यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली नकाशाची. त्यांचा नकाशा पडद्यापेक्षा कित्येक पटींनी मोठा होता आणि जॉयस्टिक ढकलताच तो कोणताही धक्का न बसता सरकत जाई. एरवी असे चित्र सरकवायचे तर प्रोसेसरला स्मृतीतील सगळी माहिती एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवावी लागते. ‘ॲन्टिक’ चिपला मात्र चित्र कोठून वाचायला सुरुवात करायची, एवढाच पत्ता बदलून दिला की काम भागत असे. ही सोय यंत्रात पहिल्या दिवसापासून होती. तिचा एवढा प्रभावी वापर फार थोड्यांनी केला होता.

दुसरी गोष्ट अधिक चतुराईची आहे. अमेरिकेतील दूरचित्रवाणीचा पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रेखाटला जातो. एक रेखाटन संपून दुसरे सुरू होण्यापूर्वी क्षणभराची उसंत मिळते. खेळाडूच्या जॉयस्टिकचे, नकाशा सरकविण्याचे आणि आज्ञा नोंदविण्याचे सारे काम क्रॉफर्ड यांनी त्या उसंतीत बसविले. उरलेला सगळा वेळ प्रोसेसर रशियन बाजूची चाल ठरविण्यात घालवी. एक चाल सुचली की ती तपासून अधिक चांगली शोधायची, मग त्याहून चांगली. परिणाम असा, की खेळाडू जितका वेळ विचार करीत बसेल, तितका संगणकही अधिक कसून विचार करी. घाई केली तर प्रतिपक्षही कच्चा, रेंगाळले तर तोही पक्का! बुद्धिबळाच्या घड्याळाची आठवण व्हावी, असा हा प्रकार. अवघ्या काही हजार अक्षरांच्या स्मृतीत हे बसविलेले आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे मोल कळते. खेळाच्या ६० हजारांहून अधिक प्रती खपल्या. पुढे अटारीने तो आपल्या मुख्य मालिकेत कार्ट्रिजच्या रूपात घेतला. एपीएक्सने तर या खेळाचा मूळ कोडही स्वतंत्रपणे विकला, म्हणजे ज्याला शिकायचे असेल त्याने तो उघडून पाहावा.

दुसरा खेळ ‘कॅव्हर्न्स ऑफ मार्स’. तो लिहिला ग्रेग ख्रिस्टेनसेन या कॅलिफोर्नियातील माध्यमिक शाळेच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या मुलाने. यंत्रभाषेच्या पातळीवर खेळ लिहिण्याचा त्याचा तो पहिलाच प्रयत्न आणि त्याला लागला सुमारे दीड महिना. मंगळावरील खोल गुहेत यान उतरवीत न्यायचे, वाटेतील शत्रू आणि अडथळे चुकवायचे, तळाशी बॉम्ब सुरू करायचा आणि तो फुटण्याआधी आल्या वाटेने वर यायचे. उतरताना ओळखीची झालेली वाट वर येताना घाईमुळे अनोळखी होऊन जाते, ही त्यातील खरी गंमत. एपीएक्सच्या यादीत तो इतका वर गेला, की अटारीने हाही खेळ आपल्या मुख्य मालिकेत घेतला.

या दोन्ही उदाहरणांत एक रीत दिसते. सूचिपत्र हे कंपनीच्या दृष्टीने चाचणीचे मैदान ठरले. थोड्या खर्चात खेळ बाजारात सोडायचा, ग्राहकांचा कल पाहायचा आणि जो चालेल त्याला मुख्य मालिकेत बढती द्यायची. डेव्हिड ब्यूलर यांचा ‘टायपो अटॅक’ हा टंकलेखन शिकविणारा खेळही याच वाटेने कार्ट्रिजपर्यंत पोहोचला. लेखकाला त्यातून अधिक मोठी बाजारपेठ लाभे आणि कंपनीला घरबसल्या गुणी माणसे सापडत.

माहितीचे दार उघडले

बाहेरच्यांनी चांगले प्रोग्राम लिहावेत, असे वाटत असेल तर त्यांना यंत्राची माहिती देणे भाग होते. हे काम क्रॉफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती घेतले. त्यांनी अटारी संगणकाच्या अंतरंगाची ओळख करून देणारा ‘डी री अटारी’ हा ग्रंथ सिद्ध केला. लॅटिन वळणाच्या या नावाचा अर्थ ‘अटारीविषयी’ एवढाच. ‘बाइट’ या त्या काळच्या मातब्बर मासिकातून त्यातील प्रकरणे प्रसिद्ध झाली आणि ग्रंथ म्हणून तो एपीएक्सनेच विकला. ज्या कंपनीने पहिल्या वर्षी चिपची माहिती दडवून ठेवली होती, तिच्याच सूचिपत्रात आता त्या चिपचे रहस्य विकत मिळू लागले होते. जुने अटारी संगणक जपणारी मंडळी आजही हा ग्रंथ उघडतात.

आणखी काही नावे

सूचिपत्राची पाने चाळताना आज ओळखीची वाटणारी नावे मध्येच समोर येतात. १९८२ मधील ‘गॅलहॅड अँड द होली ग्रेल’ या खेळाचे लेखक आहेत डग्लस क्रॉकफर्ड. पुढे २००० नंतरच्या दशकात ‘जेसन’ या माहितीच्या देवाणघेवाणीच्या पद्धतीचे प्रवर्तक म्हणून तेच जगभर प्रसिद्ध झाले. मोबाइलवर आपण जे काही उघडतो, त्याच्या मागे ही पद्धत बहुतेक वेळा राबत असते.

‘सॅमन रन’ हा त्याच वर्षीचा खेळ बिल विल्यम्स यांचा, प्रकाशित झालेला पहिलाच. प्रवाहाविरुद्ध पोहत, अस्वले आणि पक्षी यांना चुकवीत नदीच्या उगमाकडे निघालेला मासा हा त्याचा नायक. गोळीबाराच्या खेळांच्या गर्दीत असा विषय सुचणे हेच विशेष. विल्यम्स यांनी पुढे ‘नेक्रोमॅन्सर’, ‘ॲली कॅट’ आणि अमिगा संगणकासाठी ‘माइंड वॉकर’ असे एकाहून एक विक्षिप्त आणि सुंदर खेळ लिहिले. सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात विकाराने १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

जॉन पालेविच यांचा ‘डँडी’ १९८३ मधला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेत विद्यार्थी असताना पदवीच्या प्रबंधासाठी त्यांनी केलेल्या कामातून तो निर्माण झाला. चार जणांनी चार जॉयस्टिक घेऊन एकाच भुयारात एकत्र शिरायचे, राक्षसांशी लढायचे आणि अन्न व किल्ल्या वाटून घ्यायच्या. १९८५ मध्ये अटारी गेम्सचा ‘गॉन्टलेट’ हा नाणे टाकून खेळायचा खेळ आला आणि तुफान चालला. त्याचे ‘डँडी’शी साम्य उघड होते. पालेविच यांनी आक्षेप घेतला. प्रकरण न्यायालयात न जाता मिटले आणि त्यांना ‘गॉन्टलेट’चे एक यंत्र देण्यात आले, असे सांगितले जाते. जो खेळ सूचिपत्रात लेखकाच्या नावानिशी छापला गेला होता, त्याच्याबाबत निदान हक्क सांगण्याची सोय होती. व्हीसीएससाठी खपणाऱ्या अटारीच्या प्रोग्रामरांना तेवढीही नव्हती.

अखेर

डिसेंबर १९८२ मध्ये वॉर्नरने नफ्याचा अंदाज घटविल्याचे जाहीर केले आणि तिचे समभाग कोसळले. अमेरिकेतील खेळयंत्रांचा बाजार अतिरिक्त मालाने तुंबला होता. गृहसंगणकांच्या आघाडीवर कमोडोर कंपनीचे जॅक ट्रॅमिएल यांनी किमतींचे युद्ध पुकारले होते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्ससारख्या कंपनीने १९८३ मध्ये या क्षेत्रातून अंग काढून घेतले. त्याच वर्षी अटारीचा तोटा ५० कोटी डॉलरच्या पुढे गेला. कॅसर पायउतार झाले आणि सिगारेट उद्योगातील फिलिप मॉरिस कंपनीतून जेम्स मॉर्गन यांना आणण्यात आले.

मॉर्गन यांच्यापुढे काटछाटीखेरीज मार्ग नव्हता, हे मान्य करावे लागेल. त्यांनी जे विभाग बंद केले, त्यांत एपीएक्सही होता. कंपनीचे मोठे पैसे जेथे बुडाले होते, त्या व्यवहाराशी या टपालविक्रीचा संबंध फारसा नव्हता. पण एव्हाना लेखकांपुढेही इतर वाटा खुल्या झाल्या होत्या. ब्रॉडरबंड, सिनॅप्स यांसारखे स्वतंत्र प्रकाशक स्थिरावले होते. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने तर गायकांच्या ध्वनिमुद्रिकेसारख्या वेष्टनात खेळ घालून आणि निर्मात्यांना कलावंत म्हणून मिरवून आपली जाहिरात उभारली होती. सनीव्हेलच्या साध्या सूचिपत्रात जे घडत होते, ते आता चकचकीत पानांवर घडू लागले होते.

जुलै १९८४ मध्ये वॉर्नरने अटारीचा संगणक आणि खेळयंत्रांचा व्यवसाय ट्रॅमिएल यांनाच विकला. सॅन फ्रान्सिस्कोहून निघणाऱ्या ‘ॲन्टिक’ या अटारी संगणकाला वाहिलेल्या मासिकाने एपीएक्सचे काही निवडक प्रोग्राम ‘एपीएक्स क्लासिक्स’ या नावाने आपल्या विक्रीयादीत घेतले आणि आणखी काही काळ ते ग्राहकांपर्यंत पोहोचत राहिले. क्रॉफर्ड यांनी १९८८ मध्ये सॅन होजे येथील आपल्या घरी खेळांच्या निर्मात्यांची एक बैठक बोलावली. हजारो व्यावसायिकांना एकत्र आणणारी ‘गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्स’ तिच्यातून उभी राहिली.

एपीएक्सची सूचिपत्रे आता इंटरनेट अर्काइव्ह या डिजिटल ग्रंथालयात पानापानांनी पाहता येतात. ‘कॅव्हर्न्स ऑफ मार्स’ २०२२ मधील ‘अटारी ५०’ या संग्रहात पुन्हा समाविष्ट झाला आणि २०२३ मध्ये ‘रिचार्ज्ड’ या मालिकेत त्याची नवी आवृत्ती निघाली.